ती चार भोकं मी पाडली नाहीत

अमेय, तू इंटरनेटवर इंग्रजीत लिहिलेलं मी वाचलं. तुझ्या आईने ते मोठ्या अक्षरांत छापून आणून दिलं, त्यामुळे चष्मा सापडत नाही ही सबबही उरली नाही. त्यात तू म्हणतोस की साठच्या दशकात, लोणावळ्यासारख्या लहान गावात, तुझ्या आजीने ऐन दसऱ्यात, घरातल्या पुरुषांना न जुमानता, स्वतःच्या हाताने एका बिडाच्या मशिनला चार भोकं पाडली. खाली लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली आहेत. एका बाईंनी तर मला ‘अग्रदूत’ म्हटलं आहे.

मी अतिशय रागावले आहे. तुझ्यावर थोडी, आणि ज्यांनी ही गोष्ट घरात इतकी वर्षं अशीच चालू दिली त्यांच्यावर जास्त – त्यांत पहिला नंबर माझा. म्हणून हे बैजवार लिहिते. तुम्हा सगळ्या नातवंडांना पाठवते आणि या सदरालाही देते, म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाला मराठी येत असेल तर त्यानेही वाचावं.

भोकं मी पाडली नाहीत. मी आयुष्यात ड्रिल चालवलेलं नाही. भिंतीत खिळा मारायचा झाला तरी मी कोणाला तरी हाक मारते.

मग कोणी पाडली? … तिथेच तर सगळी पंचाईत आहे.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. माझे वडील शाळेत सायन्स शिकवायचे आणि मुद्दाम अमावास्या बघून प्रवासाला निघायचे. लग्न होऊन लोणावळ्याला आले तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली होते. चकव्याच्या, घाटातल्या बाईच्या, तळ्यातल्या हाकांच्या गोष्टी रोज ऐकायला मिळत. मी सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारायची – तुम्ही स्वतः पाहिलंत का? उत्तर ठरलेलं: ‘मी नाही, माझ्या मेहुण्याने.’ जगातली सगळी भुतं मेहुण्यांनाच दिसतात.

हे मात्र मी पाहिलं. सकाळी साडेआठ वाजता, लख्ख उन्हात.

आमचा लाकडाचा कारखाना वलवणच्या अंगाला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर होता. तुम्ही आता उर्श्याच्या टोलनाक्यावरून सुसाट येता, तो रस्ता तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. पानशेतचा पूर होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही राहायचो त्या तुंगार्लीत मुंबईकरांचे बंगले उठत होते. त्यांच्या चौकटी आणि मोल्डिंगच्या पट्ट्या आमच्याकडून जायच्या. कारखाना दोघा भावांचा – माझे थोरले दीर आप्पा, आणि तुमचे आजोबा. दोघांचा म्हणायचा, पण शब्द आप्पांचा.

मोल्डिंग ज्यावर निघायचं ते स्पिंडल मशीन. जाड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, टेबल, त्याच्या मधून वर आलेला दांडा, दांड्याला फिरती पाती. फळी हाताने पात्यांवरून सरकवली की तिच्या कडेला नक्षी उतरते. पातं आणि हात यांच्यात आडोसा कसला, तर फक्त त्या फळीचा. या मशिनने आमच्या महादू मिस्त्रींची डाव्या हाताची दीड बोटं घेतली होती. महादू मिस्त्री वडिवळ्याचे. घरची भातशेती, पण हात सुताराचा. बोटं गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच मशिनवर उभे राहिले होते, आणि रोज संध्याकाळी त्याचं टेबल तेलाच्या फडक्याने पुसायचे. ज्याने बोटं खाल्ली त्याला आंघोळ घालता, असं मी एकदा म्हणाले. तर म्हणाले, ‘त्येची चूक न्हाई वैनी, माजं ध्यान न्हवतं.’

बोटांच्या त्या प्रकारानंतर तुमच्या आजोबांनी हट्टाने परदेशातून पॉवर फीडर मागवला. माणसाच्या हाताऐवजी फळी ढकलणारं यंत्र. एक उभा खांब, त्याला आडवा हात, हाताच्या टोकाला मोटर आणि तिच्या पोटाखाली रबरी चाकं. चाकं फळीवर दाबून बसतात आणि फिरत फिरत तिला पुढे नेतात. माणूस लांब राहतो. फक्त हा खांब मशिनच्या टेबलावर चार बोल्टांनी पक्का करावा लागतो, आणि त्यासाठी टेबलाला चार भोकं पाडून आत आटे घ्यावे लागतात. बीड म्हणजे लाकूड नव्हे. चुकलेलं भोक बुजवून पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तक आलं आणि ते वाचायचं काम माझ्याकडे. मी खुर्चीत, मिस्त्री जमिनीवर उकिडवे.

‘चाकं फळीच्या जाडीपेक्षा तीन मिलिमीटर खाली ठेवावीत, म्हणजे दाब बसतो.’

‘तीन मिल्मीटर म्हंजी?’

‘साधारण एक सूत.’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमचे सगळे सुतार सुतातच बोलायचे.

‘मंग सूत म्हना की! उगं त्या गोऱ्याला कशापाय तरास.’

पुस्तकात खांबाची जागा दाखवणारी आकृती होती. मी ती खाकी कागदावर मापाने उतरवली. माझा हात स्वच्छ, मला त्याचा अभिमान. कागद टेबलाच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर चिकटवला आणि मिस्त्रींनी त्यावरून पंच ठोकून चार बारीक खुणा केल्या. ठोकता ठोकता थांबून त्यांनी विचारलं, ‘वैनी, आपलं लाकूड डाव्या अंगानं आत जातंय. पुस्तकातलं कुनीकडनं जातंय?’

मी काय उत्तर दिलं ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हणाले, ‘मिस्त्री, ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना तुमच्यापेक्षा कळतं.’

‘व्हय,’ म्हणाले, आणि चौथी खूण ठोकली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी खुणा पाहिल्या आणि सगळं थांबवलं. ‘मुंबईहून एजंटचा माणूस येईल, तो पाडील भोकं. सुताराने बिडाला हात लावायचा नाही. आणि –’ हे माझ्याकडे न बघता – ‘बायकांनी पुस्तकं घरी वाचावीत.’

मग आली खंडेनवमी. कारखान्यात मोठी पूजा. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, ते थेट दसरा पार पडून उत्तरपूजा होईपर्यंत. फरशी झाडून लख्ख केली ती चिमाबाईने – वडिवळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतली बाई, आमच्याकडे भुसा भरायला यायची, जीभ करवतीसारखी. स्पिंडल मशिनभोवती मी स्वतः रांगोळी घातली, चहू बाजूंनी, कुठेही फट न ठेवता. पुण्याहून मुद्दाम आणलेला नवा ड्रिल – भोक पाडणारं पीळदार पातं – आणि आटे पाडायचा टॅप पूजेच्या पाटावर ठेवला, त्यांच्या तेलकट कागदाच्या वेष्टनासकट. वेष्टनावरच कुंकू लावून लाल नाडा बांधला. त्या मापाचा दुसरा ड्रिल लोणावळ्यात नव्हता. टेबल मी माझ्या हाताने कोरड्या फडक्याने पुसलं. डाव्या कोपऱ्यात पंचाच्या खुणा होत्या, म्हणून मागच्या उजव्या कोपऱ्यात ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं. त्याच्या चार घरांत अनामिकेने चार ठिपके दिले.

तिथे काहीही नव्हतं. गुळगुळीत बीड होतं. माझं बोट त्यावरून फिरलं आहे.

महादू मिस्त्री प्रत्येक मशिनला हात जोडून मागे सरले आणि पोरांना दटावलं, ‘आज कुनी निस्तं टेकायचं बी न्हाई. आज देव बसलाय तितं.’

आप्पांनी कुलूप लावलं आणि चावी कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुलूप आप्पांनीच उघडलं. मागोमाग मी, तुमचे आजोबा, मिस्त्री, चिमाबाई. झेंडू सुकलेले, रांगोळी जशीच्या तशी. मी उत्तरपूजेच्या अक्षता घेऊन टेबलाशी वाकले आणि … माझ्या स्वस्तिकाला चार भोकं होती. जिथे ठिपके होते तिथे. प्रत्येक भोकाच्या काठावर कुंकवाची बारीक कडी, न विस्कटलेली. आत आटे. आणि कडा अशा मऊ झालेल्या, की वर्षानुवर्षं त्यात बोल्ट बसत-निघत असावेत.

बीड कापलं की काजळासारखा काळा चुरा पडतो, हात-कपडे माखतो. चिमटीभरही चुरा कुठे नव्हता.

‘कोणी केलं हे?’ आप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. ‘महादू, पुढे ये. मी नको म्हटलं होतं ना? आणि तेही खंडेनवमीला! देवाची तरी भीती बाळगायचीस!’

मिस्त्री पांढरे पडले. चोर म्हटलं असतं तरी त्यांना इतकं लागलं नसतं.

‘मालक, मी न्हाई.’

‘तू नाही, तर काय मी?’

‘चावी तुमच्याच खिशात व्हती की,’ चिमाबाई म्हणाली. ‘आन् ही रांगूळ बगा. यक टिपका मोडला न्हाई. मिस्त्री काय घार हाय व्हय, वरनं उतराया?’

‘तू गप गं. तुला कोणी विचारलंय?’

‘कुनी इचारत न्हाई, म्हनून तर सांगावं लागतंय.’

आप्पांनी तिकडे पाठ केली. ‘आणि जागा तरी बघा! खुणा डावीकडे, भोकं उजवीकडे. सबंध टेबल वाया घालवलं. महादू, या गाढवपणाची भरपाई करायला तुझा जन्म पुरणार नाही.’

मी पुस्तक आणायला धावले, आप्पांना आकृती दाखवून गप्प करावं म्हणून. पान उघडलं. आकृतीत लाकूड उजवीकडून आत जात होतं आणि डावीकडे बाहेर पडत होतं. खांब बाहेर पडण्याच्या बाजूला. आमच्याकडे सगळं याच्या उलट. म्हणजे खांब उजवीकडेच हवा होता. मिस्त्रींनी मला नेमकं हेच विचारलं होतं. माझ्या खुणांवर भोकं पडली असती, तर टेबल मी वाया घालवलं असतं.

मिस्त्री खाली मान घालून उभे होते. ‘मी वैनींना इचारलं व्हतं’ एवढं एक वाक्य त्यांना बोलता आलं असतं. बोलले नाहीत.

‘आप्पा,’ मी म्हणाले, ‘भोकं बरोबर जागी आहेत. खुणा चुकल्यात. त्या माझ्या आहेत.’

तुमच्या आजोबांनी खांब टेकवून पाहिला. चारही बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत आत गेले.

आता तुम्ही म्हणाल, मिस्त्रींना शंका आली होतीच, त्यांनीच गुपचूप पाडली असतील. मग मला एवढं सांगा – कुलूप कसं उघडलं? रांगोळी कशी राहिली? ओलं कुंकू वाळल्यावर नुसत्या फुंकरीने उडतं, ते ड्रिलखाली टिकलं कसं? आणि पाटावरचं ते वेष्टन मी सगळ्यांदेखत उचललं. नाडा माझ्या गाठीचा, कागद फोडलेला नाही. मी ते आप्पांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी ते पाहिलंच नाही. ज्यांना उत्तर आधीच सापडलेलं असतं, त्यांना पुरावा म्हणजे अडगळ वाटते.

तोवर त्यांचा सूर बदलला होता, कारण टेबल वाचलं होतं. ‘म्हणजे याने डोकं चालवलं तर! बरं झालं. महादू, हो म्हण, माझं ऐकलं नाहीस त्याची माफी माग, आणि लाग कामाला.’

‘पन मी क्येलं न्हाई, मालक.’

‘अरे, म्हण ना हो,’ तुमचे आजोबाही म्हणाले. हो, तुमचे लाडके आजोबा. ‘कोणाचं काय जातंय?’

‘धाकलं मालक, वंगाळ काम मानूस लपिवतो. ह्ये तर नामी काम हाय. मी क्येलं असतं तर वडिवळ्यात सांगत हिंडलो असतो. जे माज्या हातचं न्हाई त्ये माजं कसं म्हनू?’

‘मग उद्यापासून येऊ नकोस,’ आप्पा म्हणाले. ‘खोटं बोलणारा माणूस मला मशिनवर नको.’

मी संतापले होते. त्या शेडमध्ये एकच माणूस काटेकोर खरं बोलत होता, आणि त्यालाच खोटारडा म्हणून काढत होते. दोन सुशिक्षित माणसं त्याला सोईचं खोटं बोलायची गळ घालत होती, आणि तो बोलत नव्हता म्हणून चिडत होती. ‘आम्हाला कळत नाही’ हे तीन शब्द कोणाच्या तोंडून निघत नव्हते. मिस्त्रींनी खांद्यावरचा पंचा काढला, काटकोन तपासायचा आपला गुण्या उचलला आणि त्या पंच्यात गुंडाळायला लागले. त्या हाताला साडेतीन बोटं होती.

आणि मी म्हणाले, ‘मी पाडली.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चिमाबाईने तोंडावर पदर घेतला.

‘तुम्ही?’ आप्पांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हिरव्या बांगड्या, नवरात्रातली मेंदी. एका इंचाच्या बिडात चार भोकं आणि आटे. धट्ट्याकट्ट्या माणसाचा दिवस गेला असता. क्षणभर मला वाटलं, आता तरी हा माणूस विचार करील. चावीचं विचारील. वेष्टनाचं विचारील.

‘तरी मला वाटलंच,’ आप्पा म्हणाले. ‘पुस्तकं वाचणाऱ्या बायका!’ आणि चहा प्यायला गेले.

झालं! एवढ्यावर प्रकरण मिटलं. खऱ्यावर विश्वास ठेवायला त्यांना पुरावे कमी पडत होते, आणि धडधडीत खोट्याला एकही लागला नाही.

दुपारी मिस्त्रींनी फीडर चढवला. खांब बोल्टांनी पक्का आवळला, चाकं फळीपेक्षा एक सूत खाली घेतली. फळी ज्या आधाराला घासत जाते त्याच्याकडे फीडरचं पुढचं टोक जरासं वळवलं, म्हणजे ती आधार सोडत नाही. आधी पाती बंद ठेवून एक फळी नुसतीच चालवली, मग पाती सुरू करून दुसरी. ती एका लयीत गेली आणि नितळ मोल्डिंग घेऊन बाहेर आली. तिला कोणाचा हात लागला नव्हता. त्यानंतर त्या मशिनने कोणाचंही बोट घेतलं नाही. त्याबद्दल ज्याचे कोणाचे आभार मानायचे असतील त्याचे मी मानते.

चार दिवसांनी एजंटचा माणूस आला. भोकांवरून नख फिरवून म्हणाला, ‘हे तर फॅक्टरीतलं काम वाटतंय. कोणी केलं?’

आप्पा छाती फुगवून म्हणाले, ‘आमच्या घरातल्याच बाईंनी.’

अमेय, तुझी गोष्ट इथे जन्मली. मिस्त्री शेजारीच नट आवळत होते.

तो माणूस गेल्यावर मी पाणी प्यायला माठाशी गेले, तिथे ते आले. मला वाटलं, आभार मानतील. मी ‘असू द्या’ म्हणायच्या तयारीतच होते.

‘वैनी, मी खरं बोललो तर माजी भाकर जात व्हती. तुमी खोटं बोललात आन् ती ऱ्हायली. उपकार हायेत, न्हाई म्हनत न्हाई. पन आता समदी म्हनत्यात, वैनींनी मिस्त्रीला वाचिवलं. म्हंजी मिस्त्रीनंच क्येलं व्हतं, आसंच झालं का न्हाई? माज्या खऱ्याचं काय झालं, वैनी?’

ते पुढे बारा-पंधरा वर्षं आमच्याकडे होते, मला तितक्याच अदबीने ‘वैनी’ म्हणत राहिले, आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. दर खंडेनवमीला मात्र त्या चार बोल्टांना कुंकू लावायची वेळ आली की ते ताट माझ्या हातात देऊन बाजूला व्हायचे. स्वतः कधी लावलं नाही.

तुमच्या आजोबांनी नंतर बरीच चौकशी केली. मशीन ज्यांच्याकडून जुनं घेतलं होतं त्यांना पत्र घातलं. त्यांच्याकडे फीडर कधी नव्हता. भोकं आधीचीच होती आणि कशाने तरी बुजवलेली होती म्हणावं, तर ते बुजवलेलं गेलं कुठे? आणि रोज ते टेबल पुसणाऱ्या माणसाला ती दिसली कशी नाहीत? आप्पांना विचारलं की ते हसायचे, ‘तुझ्या बायकोलाच विचार.’ कारखाना बंद झाला तेव्हा मशीन विकलं. उचलून नेताना मी टेबल पाहिलं – उजवीकडे चार भोकं, डावीकडे माझ्या चुकीच्या चार खुणा. त्या शेवटपर्यंत पुसल्या गेल्या नाहीत.

माझे चार ठिपके आणि ती चार भोकं एकाच जागी कशी, हे मला कळत नाही. कोणी त्याचा अर्थ लावून दाखवू नये. मला अर्थ नको, कारण हवं आहे, आणि ते मला मिळालेलं नाही. आता मिळेल असं वाटतही नाही.

तेव्हा अमेय, ते लिहिलेलं काढून टाक, टाळ्यांसकट. त्या बाईंना कळव की मी अग्रदूत नाही. आणि त्या जागी एवढंच लिही: ती भोकं वडिवळ्याच्या महादू मिस्त्रींनी पाडली नव्हती. त्यांनी तसं सांगितलं होतं. ते खरं बोलत होते.